पोचेपर्यंत झाडू नये

माणूस प्रवासाला निघालं की ते पोचल्याचं कळेपर्यंत घर झाडायचं नाही, हा नियम आमच्या राहात्यात बहुतेक घरं पाळतात. मी पाळत नव्हते. तीस वर्षं मी कॉलेजच्या ग्रंथालयात काढली. पुस्तकांवरची धूळ कुणाच्या प्रवासासाठी थांबत नाही, हे तिथं शिकले होते.

माझ्या शेजारी सिस्टर राहतात. मिशनच्या दवाखान्यात त्या नर्स होत्या, रिटायर झाल्या तरी सगळं गाव त्यांना सिस्टरच म्हणतं. नवरा फार लवकर गेला, एक मुलगी. दर रविवारी चर्चला जाणाऱ्या बाईनं केरसुणीचा हा नियम पाळावा याचं मला हसू यायचं. एकदा मी त्यांना तसं विचारलंही.

"सिस्टर, बायबलात आहे का हे?"

"न्हाई. पन न झाडल्यानं कुणी मेल्याचंबी त्यात न्हाई," त्या म्हणाल्या.

मुलगी पुण्याला हॉटेलच्या कोर्सला होती तोवर हे सगळं सोपं होतं. सकाळच्या एसटीनं गेली की दुपारी फोन यायचा, "मम्मी, पोचले," आणि पुढच्या मिनिटाला भिंतीपलीकडून मला केरसुणीचा आवाज यायचा. मग ती एका मोठ्या परदेशी विमान कंपनीत लागली.

कंपनीचं नाव लिहीत नाही. कुठल्याही मोठ्या शहरातल्या कुठल्याही मोठ्या भिंतीवर ते दिसतं, म्हणजे त्याला माझी गरज नाही. कंपनीनं नव्या मुलींच्या घरी पाठवण्यासाठी आपल्या परिचयाची एक पुस्तिका छापली होती. जाड, गुळगुळीत कागद, उघडली की नव्या गाडीसारखा वास. सिस्टर ती घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांना इंग्रजी येतं, पण ते औषधांच्या बाटल्यांवरचं. हे इंग्रजी अत्तराच्या बाटलीवरचं होतं.

मी ती अथपासून इतिपर्यंत वाचली. ग्रंथपालाची सवय. पहिल्या पानावर संस्थापकांचा फोटो, ते क्षितिजाकडे बघताहेत. मोठ्या कंपन्यांच्या संस्थापकांना क्षितिजाशिवाय काही बघायला दिलेलं मी पाहिलेलं नाही. मग एक नकाशा. एका शहरातून जगभर निघालेल्या बारीक वक्र रेघा, काचेला दगड लागल्यावर तडे जातात तशा. मग जेवणावर चार पानं. उंचावर जिभेची चव बोथट होते म्हणून मीठमसाला जास्त घालतात, एवढी एकच गोष्ट मला त्यात खरी वाटली. मग 'आमचा परिवार' नावाचं प्रकरण आणि त्यात पानभर फोटो: अकरा मुली, एकच गणवेश, एकच अंबाडा, ओठांना एकच लाल रंग, हसूही एकच.

सिस्टरनी बोट ठेवलं. "डावीकडून तिसरी. ही बगा."

मी पाहिलं. असेल असं वाटलं. नसेल असंही वाटलं.

त्या प्रकरणाच्या शेवटी एक वाक्य होतं. मी त्याचं मराठी करताना जरा जास्तच चव घेतली, हे कबूल केलं पाहिजे. इंग्रजी पोकळ असलं की मला ते मराठीत भरीव करून दाखवायची खोड आहे. मी वाचलं, "आमच्या परिवारातील प्रत्येक जण अखंड प्रवासात असतो. आमच्यासाठी पोचणे असे काही नसतेच."

"परत वाचा," सिस्टर म्हणाल्या.

मी परत वाचलं. आवाजही थोडा खाली घेतला, उपहासासाठी. सिस्टरना उपहास कळला नाही. त्यांना वाक्य कळलं.

"म्हंजे पोचतच न्हाई ती."

"अहो, जाहिरात आहे ती. काहीतरी लिहायचं म्हणून लिहितात."

"छापलंय की," असं म्हणून त्यांनी पुस्तिका मिटली.

त्यांनी अकरा मुलींचं पान कापून फ्रेम केलं आणि पुढच्या खोलीत लावलं. नाताळला मुलगी घरी आली, फ्रेमपुढं उभी राहिली आणि म्हणाली, "मम्मी, यात मी नाहीच."

"ही तिसरी?"

"ती दुसऱ्या कुठल्या देशातली आहे. मला नावही माहीत नाही तिचं."

मला वाटलं सिस्टर फोटो उतरवतील. त्यांनी पदरानं काच पुसली. "ऱ्हाऊ दे. कुनाची तरी हायच की ती. तिच्या आईला कुटं फोटो मिळाला आसंल." त्या संध्याकाळपासून त्यांच्या प्रार्थनेत त्या मुलीचाही समावेश झाला, नावाशिवाय.

जानेवारीत मुलगी परत निघाली. मी कुंपणाशी उभी होते. दारात रिक्षा, बॅग रिक्षात, आणि तिला आठवलं की चार्जर आत राहिला. ती नुकतीच पाय धुऊन आलेली, तशीच ओल्या पायांनी मागच्या दारानं आत गेली आणि पुढच्या खोलीतून झपाझप बाहेर आली. आमची दोन्ही घरं मनमाड रोडच्या मागं. रस्त्याचं काम वर्षानुवर्षं चालू आहे, त्यामुळे रात्रभरात फरशीवर पिठासारखी धूळ बसते. त्या धुळीत तिची पाच पावलं उमटली, सगळी दाराकडे तोंड केलेली. उंबऱ्याबाहेर तिनं सँडल घातल्या आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी फोन आला. "पोचले."

"कुटं?"

"हॉटेलात."

"हाटेलात पोचनं म्हंजे पोचनं न्हाई," असं म्हणून सिस्टरनी फोन ठेवला आणि केरसुणी जागची हलवली नाही.

पुढं प्रत्येक फोनला हेच झालं. कधी ती थंडीच्या शहरात असायची, कधी समुद्राकाठच्या. व्हिडिओ कॉलवर सिस्टर मलाही बोलवायच्या. शहर कुठलंही असो, खोली तीच दिसायची: पांढरी चादर, करडा पडदा, पलंगाशेजारी डाव्या हाताला पिवळा दिवा. एकदा मी तिला चेष्टेनं म्हटलं, "अगं, तू तिथंच बसून वेगवेगळ्या शहरांची नावं सांगतेस की काय?"

ती हसली नाही. "मावशी, मलापण कधीकधी तसंच वाटतं. जाग आली की मी पडद्याकडं बघत पडते आणि आठवायचा प्रयत्न करते कुठं आहे ते. बऱ्याचदा चुकते." मग तिला काहीतरी आठवल्यासारखं झालं, तिनं मान सरळ केली आणि पुस्तिकेतलं हसू हसली. "आणि तुमची तब्येत कशी आहे?"

मार्चपर्यंत सिस्टरची पुढची खोली वापरातून गेली. त्या मागच्या दारानं ये-जा करायच्या. मुलगी रस्त्याकडची खिडकी उघडी ठेवून गेली होती, म्हणून ती उघडीच. रोज ट्रक जायचे, रोज धूळ यायची. खुर्चीवर, शोकेसवर, कॅलेंडरच्या खिळ्यावर थर बसले. अकरा मुलींचे चेहरे काचेमागं पुसट होत गेले.

एका दुपारी मी उंबऱ्यावरून आत डोकावले, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. सगळीकडं बोटभर धूळ होती. ती पाच पावलं मात्र तशीच, गडद, काठ रेखलेले. भरून आली नव्हती.

मी कारण शोधलं. ओल्या पायानं धुळीचा चिखल झाला असेल, तो वाळून फरशीला धरला असेल. पायाला तेल असेल. खिडकीतून येणारा वारा नेमका तिथून झाडून नेत असेल. तिन्ही कारणं चांगली होती. एक कारण पुरलं असतं तर मी तीन शोधली नसती, हे तेव्हाच कळायला हवं होतं.

सिस्टरना दम्याचा त्रास होताच. आता भिंतीपलीकडून मला केरसुणीऐवजी खोकला ऐकू येऊ लागला.

"सिस्टर, तुम्ही नर्स आहात," मी म्हटलं. "दुसऱ्या कुणाच्या घरी ही धूळ दिसली असती तर काय केलं असतं?"

"झापलं आसतं."

"मग?"

"त्या घरातलं मानूस पोचलेलं आसतं ना मॅडम."

हे माझ्या वाक्यामुळे झालं होतं. मी त्यांना समजावलं की मूळ इंग्रजीत तसं नाही, मीच भर घातली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमी भर घातली न्हाई. त्यांनी झाकलं हुतं, ते तुमी उघडून दाखिवलं." एखाद्या अनुवादाचं इतकं कौतुक झालं की अनुवादकानं समाधान मानायला हरकत नसावी. मला त्या रात्री झोप आली नाही.

एप्रिलात एका सकाळी भिंतीपलीकडचा खोकला एकदम थांबला. मागच्या दारानं गेले तर सिस्टर स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभ्या, ओठ निळसर, श्वास शिट्टीसारखा. रिक्षानं दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर एकेकाळी त्यांच्या हाताखाली इंजेक्शन द्यायला शिकलेले. त्यांनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, यांचं घर साफ झाल्याशिवाय मी यांना तिथं पाठवणार नाही. पुढच्या वेळी तुम्हाला वेळेत आणता येईलच असं धरून चालू नका."

तोंडावर मास्क असताना सिस्टरनी माझा हात धरला. बोलता येत नव्हतं. त्यांनी मनगटानं झाडू मारल्याची खूण केली आणि मान हलवली: नाही.

मी होकार दिला आणि तिथून थेट त्यांच्या घरी गेले. पदर खोचला, नाकाला ओला रुमाल बांधला, केरसुणी घेतली. दुपारचे दोन वाजले असतील. बाहेर इतकं ऊन की रस्त्यावरचे ट्रकही थांबलेले, धूळ हवेत तरंगत उभी. शेजारच्या बाईचा जीव वाचवायचा आहे आणि मधे काय आहे तर एक खुळचट समजूत, असं मी स्वतःला बजावलं. मधलं दार उघडलं.

दाराकडे जाणारी पाच पावलं होती तशीच होती. आणि एक सहावं होतं.

ते आत वळलेलं होतं. बाहेरच्या दाराकडून स्वयंपाकघराकडे निघालेलं एक उजवं पाऊल. त्याच्या आगेमागे काहीच नव्हतं, धुळीचा थर अखंड.

मला पहिल्यांदा वाटलं सिस्टर असतील, दम लागल्यावर भेलकांडल्या असतील. पण सिस्टरचे पाय आयुष्यभर वॉर्डात उभे राहून पसरलेले, अंगठा आत वळलेला. हे पाऊल अरुंद होतं आणि अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब. बाकीच्या पाचांसारखंच. मी वाकून पाहिलं. ते ओलं नव्हतं. पण वाळून फार वेळ झाला नसावा.

अशा गोष्टींची पुस्तकं कुठल्या कपाटात ठेवतात ते मला पाठ आहे. तीस वर्षं मीच ती लावली. त्या कपाटापुढं थांबणाऱ्या वाचकांना मी चष्म्यावरून बघत असे. आता मी मधल्या दाराच्या उंबऱ्यावर उभी होते, हातात केरसुणी होती आणि ती खाली टेकवायचा मला धीर होईना. काचेमागच्या अकरा पुसट मुली हसत होत्या. मी केरसुणी भिंतीला टेकवली, दार ओढून घेतलं आणि मुलीला मेसेज केला: आई दवाखान्यात आहे. ये.

चार मिनिटांत उत्तर आलं. "कळवल्याबद्दल मनःपूर्वक धन्यवाद, मावशी. मी लवकरात लवकर येण्याचा प्रयत्न करत आहे. आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहे."

मी ते बघत राहिले. मग खाली दुसरा मेसेज आला.

"खोली झाडली का?"

"नाही," मी लिहिलं.

"नका झाडू."

तिला खोलीबद्दल कुणी सांगितलं होतं, मला ठाऊक नाही. मी सांगितलं नव्हतं. सिस्टर बायबलावर हात ठेवून सांगतात की त्यांनीही नाही.

'आमचा परिवार' म्हणवणाऱ्या कंपनीत आईच्या आजारपणाची रजा कुठल्या रकान्यात बसवायची यावर तीन दिवस विचार झाला. चौथ्या दिवशी मुलगी दुसऱ्याच एका छोट्या विमानानं शिर्डीला उतरली. तोवर सिस्टरना मी माझ्या घरी आणलं होतं. त्या पडवीत खाटेवर बसल्या होत्या. रिक्षा थांबली, मुलगी उतरली. साधा पंजाबी ड्रेस होता, पण अंबाडा तसाच घट्ट, ओठ तसेच लाल, पाठ सरळ.

"पोचलीस?" सिस्टरनी विचारलं.

"हो मम्मी. प्रवास अगदी छान झाला."

सिस्टरनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे वळल्या. "न्हाई पोचली अजून."

"सिस्टर, समोर उभी आहे ती!"

"उभी हाय. पोचली न्हाई."

ती दोन दिवस माझ्याच पडवीत झोपली. मी अशी झोप पाहिली नव्हती. उताणी, सरळ, दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले. रस्त्यावरून मोठा ट्रक गेला की हनुवटी छातीला चिकटायची. विमान उतरताना असं बसायला शिकवतात, हे तिनं मला नंतर सांगितलं. मधेच जागी व्हायची, डोळे मिटलेलेच ठेवून हळूच काहीतरी पुटपुटायची. एकदा मी कान देऊन ऐकलं. ती शहरांची नावं घेत होती, एकापाठोपाठ एक, आणि प्रत्येक नावानंतर थांबत होती, कुणी 'बरोबर' म्हणेल म्हणून. राहाता त्यात नव्हतं.

दुसऱ्या खाटेवरून सिस्टर हे बघत असायच्या. त्यांना घरी जायचं होतं आणि खोली झाडल्याशिवाय जाता येत नव्हतं. मी म्हटलं, "अहो, आता तरी झाडू द्या मला."

"आनि ती तिकडंच राहिली म्हंजे?" त्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात भीती होती. इतके महिने मी त्या भीतीला हट्ट समजत आले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा टाकत होते. कुणाची तरी शेळी कुंपण ओलांडून सिस्टरच्या पेरूच्या झाडाला लागली. पडवीतून एकदम आरोळी आली.

"ए! हाकला की तिला! कुनाची हाय ही, लई माजलीय! सगळा पाला खाल्ला मेलीनं!"

मी बाहेर आले. मुलगी अनवाणी कुंपणावरून उडी मारून गेली होती, केस सुटलेले, हातात माझी चप्पल. शेळी पळाली. मुलगी झाडाखाली धापा टाकत उभी राहिली, मग वळली, पुढच्या दाराची कडी काढून घरात डोकावली आणि तिथूनच ओरडली.

"मम्मे! ही काय दशा केलीय गं घराची? लाज हाय का न्हाई? तुला दमा हाय ना? आँ?"

सिस्टर हसायला लागल्या. हसता हसता खोकल्या, खोकता खोकता उठल्या. "पोचली," त्या म्हणाल्या. "मॅडम, पोचली. द्या माजी केरसुनी."

आम्ही तिघी दारात उभ्या राहिलो. सिस्टरना आत जाऊ देणं शक्य नव्हतं आणि पहिला हात त्यांचाच हवा होता, म्हणून त्यांनी ओला रुमाल नाकाला धरून उंबऱ्यातूनच एकदा केरसुणी फिरवली आणि मुलीच्या हातात दिली. मुलगी आत गेली. खोलीच्या मध्यावर थांबली. ते सहावं पाऊल तिला दिसलं होतं.

"मावशी, मम्मी दवाखान्यात गेली त्या दिवशी मी झोपले होते हॉटेलात. झोपेत तिचा खोकला ऐकला. पाणी द्यायला उठले. जागी झाले तेव्हा मी भिंतीला नाक लावून उभी होते." तिनं हातानं दाखवलं. "आपलं स्वयंपाकघर इकडं येतं ना."

 

सिस्टरनी दारातून विचारलं, "मग तांब्या का न्हाई उचलला?"

मुलगी आधी हसली, मग रडली आणि मग झाडू लागली. खोलीतून दोन घमेली धूळ निघाली. फरशी पुसल्यावर सहाही पावलं गेली, साध्या डागासारखी, पहिल्याच फडक्यात. फोटोची काच तिनं स्वतः पुसली. तिसरी मुलगी पूर्वीसारखी हसू लागली.

बारा दिवसांनी रजा संपली. ती परत निघाली. नोकरी सोड असं सिस्टर म्हणाल्या नाहीत, मीही नाही. तिला ती आवडते, हे तिनं आम्हाला शेळी हाकलतानाच्याच आवाजात बजावलं होतं. निघताना ती मागच्या दारानं माझ्याकडे निरोपाला आली. पाय धुऊन, तशीच ओल्या पावलांनी. माझ्या पाया पडली, मी तिला पेरूची पिशवी दिली. रिक्षा सुरू झाली.

ती कोपऱ्यावर वळायच्या आत भिंतीपलीकडून आवाज आला. केरसुणीचा. मी धावत कुंपणाशी गेले.

"अहो सिस्टर! काय करताय? पोचू द्या तिला!"

मी हे म्हणाले. मीच.

सिस्टर थांबल्या नाहीत. पुढची खोली त्यांनी कोपऱ्यापासून दारापर्यंत झाडली, खिडकी लावून घेतली आणि मग कंबरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, ती जाती तितं कुनी पोचतच न्हाई. तुमीच वाचून दाखिवलं. ती हितं पोचली, ते बास झालं. आता कदीबी यिऊ दे, घर सोच्च हाय." आणि श्वास घ्यायला जरा थांबून, "तुमच्यामुळं कळलं बगा सगळं."

त्या आता पुढच्या खोलीत बसतात. खोकला पुष्कळ कमी आहे. डॉक्टर खूष आहेत.

मी माझ्या पडवीकडे परत आले. फरशीवर तिची चार पावलं होती, दाराबाहेर जाणारी. मी केरसुणी घ्यायला आत गेले आणि चहा टाकून बाहेर आले. त्याला आता दोन महिने होत आले. येणाऱ्या-जाणाऱ्यांना मी मागच्या दारानं यायला सांगते, रस्त्याच्या कामाचं निमित्त पुढं करून. काम चालूच आहे. सगळीकडं धूळ बरीच बसली आहे.

ती पावलं मात्र भरून आलेली नाहीत. रोज सकाळी मी चष्मा लावून मोजते. आजवर चारच आहेत.